कृत्रिम भित्तिकेची मागणी करताय? आधी अंश-मिनिटं तपासा

कृत्रिम भित्तिका म्हणजे मासळीला आडोसा म्हणून समुद्राच्या तळावर सोडलेले काँक्रीटचे सांगाडे. पहिलं लक्षात घ्या, त्यांच्या मागणीचा अर्ज एकट्या मच्छीमाराच्या नावावर होत नाही. होडीच्या इंजिनाचं अनुदान वेगळं. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत भित्तिका बसतात, पण काम सरकार करतं. खर्च केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४०. आपल्या हातात एवढंच की मच्छीमार संस्थेने ठराव करून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात मागणी द्यायची. सोबत संस्थेचं नोंदणीपत्र आणि परवान्यांसह नौकांची यादी जोडा.

घोडं अडतं जागेपाशी. आपले लोक जागा सांगतात ती देवळाचा कळस आणि डोंगराची सोंड एका रेषेत धरून. तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्या म्होरक्याला, ते पुरतं; टेबलावरच्या साहेबाला अक्षांश-रेखांश लागतात. मग जीपीएसवरचा आकडा उतरवला जातो, आणि तोही चुकतो. यंत्रावर १६ अंश २२.५ मिनिटं दिसतं, अर्जात पडतं १६.२२५. खरं १६.३७५ हवं, कारण मिनिटांना साठाने भागायचं असतं. या एका चुकीने देवगडसमोरची जागा सोळा-सतरा किलोमीटर दक्षिणेला, आचऱ्याच्या बाजूला जाते. अर्ज परत येतो तेव्हा कागदावर फक्त ‘त्रुटी’ लिहिलेलं. कसली, ते सांगायला कुणाचं काय जातं?

जागेसोबत खोली किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) आणि तळ कसा, हेही लिहा. चिखलात काँक्रीटचे सांगाडे रुततात; घट्ट वाळूचा तळ बरा. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या (१९८७, २९.१२ चौ. किमी) हद्दीत जागा येत असेल तर वनखातं मध्ये आलंच.

दुसरी गोची शेजारच्या गावाची. भित्तिकेवर कालवं धरतात, बारकी मासळी आडोशाला येते, मागोमाग तांबोशी, गोबरा असे मोठे मासे. तळ खरवडत जाणारं ट्रॉलरचं जाळं तिथे फाटतं, हा हेतूच आहे. पण रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं, आणि तळाला सोडलेलं जाळंही फाटेल, म्हणजे तिथे गळच चालवायचे. हे आधी सगळ्यांना सांगा आणि त्या पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक गावाच्या संस्थेची लेखी संमती घ्या. नुसतं आपल्या गावाचं ‘सर्वानुमते’ उपयोगाचं नाही.

मासेमारी बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, सगळे मोकळे म्हणून तेव्हाच कागद घेऊन जातात. खवळलेल्या दर्यात पाहणी कोण करणार? दिवाळीनंतर द्या.

आणि जुने टायर टाकायची कल्पना अर्जात लिहूच नका. फ्लोरिडात १९७० च्या दशकात लाखो टायर बुडवले. ते सुटून खऱ्या प्रवाळांवर आदळले आणि आता बाहेर काढावे लागताहेत.