इंजिन बंद, चावी ऑन: टर्बो गाडीचा दाब-सेन्सर असा तपासावा

टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाडीच्या दाब-सेन्सरची सर्वांत भरवशाची तपासणी इंजिन सुरू न करताच होते. चावी ‘ऑन’वर फिरवायची, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि कोड वाचणारं यंत्र) लावायचा आणि इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब वाचायचा. इंजिन फिरत नसताना तिथे बाहेरचीच हवा असते, त्यामुळे आकडाही बाहेरच्या हवेच्या दाबाचाच यायला हवा. मुंबईत तो साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ आणि लेहला जेमतेम ६५. पुण्यात उभी असलेली गाडी १२० दाखवत असेल, तर बिघाड सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. टर्बोचा त्यात काही संबंध नाही. बऱ्याच गाड्यांत टर्बोनंतरच्या पाइपवर बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) मोजणारा सेन्सर आणि वातावरणाचा दाब मोजणारा तिसरा सेन्सरही असतो. इंजिन बंद असताना तिघांचे आकडे जुळले पाहिजेत. दोन जुळले आणि एक भलतंच सांगत असेल, तर शोध तिथूनच सुरू करावा.

ही तपासणी दोन मिनिटांत होते. तरी ती वगळून थेट नवा सेन्सर बसवला जातो आणि चार दिवसांनी चेक इंजिनचा दिवा परत लागतो, याचं फार वाईट वाटतं.

सेन्सरच्या आत सिलिकॉनचा सूक्ष्म पडदा असतो, डफावर ताणलेल्या कातड्यासारखा. त्याच्या एका बाजूला कायमची बंद केलेली निर्वात पोकळी, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधली हवा. हवेच्या दाबाने पडदा किंचित वाकतो. सिलिकॉनवर ताण आला की त्याचा विद्युत रोध बदलतो. बेल लॅब्जमधल्या चार्ल्स स्मिथ यांनी १९५४मध्ये हा परिणाम मोजून प्रसिद्ध केला. पडद्यावरचे चार रोध व्हीटस्टन ब्रिजच्या रचनेत जोडले की हा बारीकसा बदल व्होल्टेजच्या रूपात मिळतो. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सेन्सरला ५ व्होल्ट पुरवतो आणि सेन्सर दाबानुसार साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टचा सिग्नल परत पाठवतो. दोन्ही टोकांना अर्धा व्होल्ट मुद्दाम मोकळा सोडलेला असतो. सिग्नल त्या पट्ट्यात शिरला की ईसीयूला कळतं, हा हवेचा दाब नव्हे, कुठेतरी वायर तुटली आहे किंवा शॉर्ट झाली आहे. पी-०१०७ (सिग्नल फार कमी) आणि पी-०१०८ (सिग्नल फार जास्त) हे बिघाडाचे कोड यातूनच येतात. बूस्ट सेन्सरसाठी तेच काम पी-०२३७ आणि पी-०२३८ करतात.

म्हणून असा कोड आला की आधी मल्टिमीटर हातात घ्यावा. प्लग काढून पुरवठ्याच्या पिनवर ५ व्होल्ट येतात का, ते पाहावं. येत नसतील तर नवा सेन्सरही मुकाच राहणार. हा पुरवठा अनेकदा दोन-तीन सेन्सरमध्ये वाटलेला असतो. त्यातला एक शॉर्ट झाला की बाकीचेही खाली बसतात आणि स्कॅनरवर एकदम चार-पाच कोडची रांग लागते. अशी रांग दिसली की एकेक सेन्सरचा प्लग काढत जावं. ज्याचा प्लग काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो दोषी. अर्थिंगही तपासायला हवं. ते कच्चं असेल तर सिग्नल खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. पावसाळ्यात प्लगमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात, आणि ऊब शोधत बॉनेटखाली आलेले उंदीर वायरी कुरतडतात. आपल्याकडे ही कारणं कधीच विसरू नयेत.

वायरिंग ठीक असेल आणि सिग्नल मर्यादेत असूनही ईसीयूला पटत नसेल, तर पी-०१०६ किंवा पी-०२३६ येतो. इथे पहिला संशय काजळीवर घ्यावा. डिझेल इंजिनात ईजीआरमधून (धुराचा काही भाग इंजिनात परत पाठवणारी यंत्रणा) आलेली काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनचा तेल असलेला खालचा भाग) आलेली तेलाची वाफ एकत्र होऊन डांबरासारखा चिकट थर बनतो आणि सेन्सरचं बारीक तोंड बुजवतो. असा सेन्सर खोटा आकडा देत नाही, उशिरा देतो. बूस्ट वाढवून ॲक्सिलरेटर सोडला की स्कॅनरच्या आलेखावर रेषा झटकन खाली यायला हवी. ती रेंगाळत उतरत असेल, तर सेन्सर काढून सेन्सरसाठीच्या क्लीनरने हळुवार साफ करावा. तोंडात तार किंवा टाचणी घालू नये, पडदा फाटतो.

आकडे वाचताना आणखी एक भान हवं. पेट्रोल इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता सुरू) असताना थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळपास मिटलेला असतो, त्यामुळे ३० ते ४० किलोपास्कल दिसणं स्वाभाविक आहे. डिझेलमध्ये आयडलवरचा आकडा बाहेरच्या हवेच्या जवळपास असतो. डिझेलचा १०० पाहून घाबरायचं कारण नाही. पेट्रोलमध्ये तो दिसला तर मात्र थांबून शोध घ्यावा. शिवाय स्कॅनर निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला, दाब दाखवतो: समुद्रसपाटीला १ बार बूस्ट म्हणजे स्कॅनरवर सुमारे २००.

आता पी-०२९९, म्हणजे बूस्ट कमी पडतोय. घाटात गाडी ओढत नाही, ईसीयू इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापतो, आणि दोष हमखास सेन्सरच्या माथी येतो. खरं तर इथे बहुतेक वेळा सेन्सर अचूक बोलत असतो. ईसीयूने मागितलेला दाब २१० आणि मिळालेला १६० असेल, इंजिन बंद केल्यावर आकडा बाहेरच्या हवेशी नीट जुळत असेल, तर हवा खरोखरच कमी येते आहे. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग) होज पाइपला चीर गेलेली असते, क्लिप सैल झालेली असते, ॲक्च्युएटरकडे (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग) जाणारी व्हॅक्यूमची नळी तडकलेली असते किंवा टर्बोच्या हलत्या पात्या काजळीने अडकलेल्या असतात. पाइपच्या सांध्यांभोवतीची तेलकट ओल आणि जोर लावताना येणारी शिट्टी या गळतीच्या खुणा. हलक्या दाबाची हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात.

यातलं काहीही करण्याआधी कोड पुसू देऊ नका. कोड नोंदवताना ईसीयू त्या क्षणाचे आरपीएम, इंजिनवरचा भार, तापमान आणि वेग साठवून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. बिघाड आयडलवर झाला की चढावर, थंड इंजिनात की तापलेल्या, हे तिथे लिहिलेलं असतं. कोड पुसला की ही नोंदही जाते. गॅरेजमध्ये स्कॅनर लागला की आधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा.