हॉट हॅच

हॉट हॅच : रोजच्या वापराच्या छोट्या हॅचबॅकवरून (काचेसह वर उचलला जाणारा मागचा दरवाजा असलेल्या गाडीवरून) तयार केलेली, वजनाने हलकी आणि बहुधा पुढच्या चाकांना शक्ती देणारी वेगवान मोटारगाडी. मूळ गाडीची चार माणसे व सामान नेण्याची सोय शाबूत ठेवून इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक व स्टिअरिंग यांत बदल केलेले असतात. मागच्या किंवा चारही चाकांना शक्ती देणाऱ्या काही गाड्यांनाही हे नाव दिले जाते. येथे फक्त फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या, गाड्यांच्या रचनेचा विचार केला आहे.

उगम : या प्रकारातील पहिली गाडी कोणती, याबाबत एकमत नाही. ब्रिटिश लेखक बहुधा मिनी कूपरपासून सुरुवात करतात. ॲलेक इसिगोनिस यांनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनसाठी आखलेली मिनी १९५९ मध्ये बाजारात आली. इंजिन आडवे बसवून गिअरबॉक्स त्याच्याच तळाशी, इंजिनाच्या तेलाच्या पात्रात (सम्प) सामावल्यामुळे जेमतेम ३.०५ मी. लांबीच्या गाडीत चार माणसांना जागा मिळाली. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या सहकार्याने १९६१ मध्ये तिची ९९७ घ. सेंमी. इंजिनाची मिनी कूपर ही आवृत्ती निघाली आणि मिनीने १९६४, १९६५ व १९६७ मध्ये माँटे कार्लो रॅली जिंकली. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी हलकी गाडी घाटरस्त्यांवर कितीतरी ताकदवान गाड्यांना मागे टाकू शकते, हे या विजयांनी दाखवून दिले. तरीही मिनीला डिकीचे वेगळे झाकण होते, काचेसह वर उचलला जाणारा मागचा दरवाजा नव्हता. त्यामुळे तिला पूर्वज म्हणणेच योग्य ठरते.

फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांचे नाव या संदर्भात कमी घेतले जाते, ते अधिक घ्यायला हवे. फियाटशी संलग्न ऑटोबियांकी कंपनीच्या १९६४ च्या प्रिमुलात त्यांनी इंजिन आडवे ठेवले, पण गिअरबॉक्स त्याच्या खाली न नेता त्याच रेषेत शेजारी बसवला. यामुळे डावा व उजवा ड्राइव्हशाफ्ट (चाकांपर्यंत शक्ती नेणारे दांडे) असमान लांबीचे झाले, मात्र मांडणी सोपी, हलकी व स्वस्त झाली. पुढे जवळजवळ सर्व हॉट हॅचनी मिनीची नव्हे, हीच मांडणी उचलली. याच घराण्यातील ऑटोबियांकी ए११२ अबार्थ (१९७१) हिला काही इटालियन अभ्यासक पहिली हॉट हॅच मानतात. तिचे ९८२ घ. सेंमी. इंजिन सुरुवातीस ५८ अश्वशक्ती देई.

फ्रान्समधील दावा सिम्का ११०० टीआय या गाडीचा आहे. मूळ सिम्का ११०० ही १९६७ ची, पाचदारी व आडव्या इंजिनाची. १९७३-७४ च्या सुमारास आलेल्या टीआय आवृत्तीत १,२९४ घ. सेंमी. इंजिन व ८२ अश्वशक्ती होती. व्याख्या काटेकोर लावली तर हा दावा खोडून काढणे कठीण आहे. यानंतर दोन गाड्या जवळजवळ एकाच वेळी आल्या. रेनॉ ५ आल्पिन (१,३९७ घ. सेंमी., ९३ अश्वशक्ती) १९७६ च्या वसंतात विक्रीस आली; फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली होती, पण विक्री १९७६ च्या मध्यास सुरू झाली. म्हणजे ‘आधी कोण’ याचे उत्तर प्रदर्शनाची तारीख धरायची की विक्रीची, यावर बदलते.

कालक्रमात सिम्काचा मान मोठा असला, तरी प्रकार म्हणून पूर्णत्वास पोचलेली पहिली गाडी गोल्फ जीटीआय, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सु. ८१० किग्रॅ. वजन, पेट्रोल इंजेक्शन असलेले १,५८८ घ. सेंमी. इंजिन, ११० अश्वशक्ती, पुढे हवा खेळणारे डिस्क ब्रेक, कमी केलेली उंची व दोन्ही टोकांना अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे कमी करणारी दांडी), असा सगळा मेळ तिच्यात प्रथम एकत्र आला. कंपनीने ५,००० गाड्यांचा बेत केला होता. पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक जीटीआय विकल्या गेल्या.

वजन : हलकेपणा हा या रचनेचा पाया आहे. सांगाडा हलका झाला की लहान ब्रेक पुरतात. लहान ब्रेकना लहान चाके चालतात. चाके हलकी झाली की स्प्रिंगांखालचे वजन घटते आणि खडबडीत रस्त्यावर टायर जमीन सोडत नाही. मग स्प्रिंगा अवाजवी कडक कराव्या लागत नाहीत. वजन वाढले की हीच साखळी उलट फिरते. त्यामुळे नुसते इंजिन वाढवून केलेली जड हॅचबॅक सरळ रस्त्यावर वेगवान ठरली, तरी वळणात ती निराश करते.

पुढच्या चाकांच्या गाडीला एक मर्यादा जन्मतः असते : गाडी पुढे झेपावली की वजन मागे सरकते, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवरूनच कमी होते. ९०० किग्रॅ. वजनाची, २.४२ मी. व्हीलबेसची (पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतराची) गाडी घ्या. वजनाचा ६२ टक्के भाग पुढे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.५२ मी. उंच असेल, तर उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर ५५८ किग्रॅ. भार असतो. टायरचा घर्षणगुणांक ०.९ धरला, तर जास्तीत जास्त प्रवेगाच्या वेळी सु. ९० किग्रॅ. मागे सरकतात आणि प्रवेग गुरुत्वत्वरणाच्या ०.४७ पटीवर थांबतो. त्यापुढे इंजिन कितीही ताकदवान असो, चाके नुसती फिरतात. गुणोत्तरे तीच राहिली तर वजन घटवूनही हा आकडा फारसा हलत नाही, हे मान्य करायला हवे. फायदा दुसरीकडे होतो. भार वाढेल तसा टायरचा घर्षणगुणांक घटतो, म्हणून तोच टायर हलक्या गाडीखाली अधिक पकड देतो. शिवाय तेवढ्याच प्रवेगाला कमी टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागत असल्याने स्टिअरिंगवर येणारे हिसकेही सौम्य राहतात.

पुढचा भाग : जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर स्टिअरिंग एका बाजूला खेचले जाते, याला टॉर्क स्टिअर म्हणतात. जाकोसांच्या मांडणीतील असमान शाफ्ट हे त्याचे एक कारण. आखूड शाफ्टच्या सांध्यातील कोन मोठा पडतो आणि चाकाला वळवू पाहणारे बलयुग्म दोन्ही बाजूंना सारखे राहत नाही. लांब बाजूस इंजिनाला बेअरिंगने पक्का धरलेला मधला शाफ्ट देऊन दोन्ही शाफ्ट समान करणे, हा रूढ उपाय. दुसरे कारण मॅकफर्सन स्ट्रटमधील (स्प्रिंग व धक्के शोषणारा डँपर एकाच उभ्या खांबात असलेल्या सस्पेन्शनमधील) : चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष आणि चाकाचा मध्य यांत आडवे अंतर असते आणि ओढण्याचे बल त्या अंतरातून स्टिअरिंगपर्यंत पोचते. रेनॉ स्पोर्टने २००४ च्या मेगानमध्ये, तर फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये हब (चाक ज्यावर बसते तो भाग) स्ट्रटपासून वेगळा करून हे अंतर कमी केले. फोकसच्या ३०० अश्वशक्तीसाठी ते गरजेचे होते. टनाखालच्या, शंभर-दीडशे अश्वशक्तीच्या गाडीत मात्र या जोडकामाचे वजन परवडत नाही आणि साधा स्ट्रट नीट जुळवला तर त्याची गरजही पडत नाही.

मागचा भाग : फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचा स्वभाव मागच्या सस्पेन्शनमध्ये घडतो, ही गोष्ट वरवर पाहता पटत नाही. पुढच्या टायरांना ओढायचे असते आणि वळायचेही असते. दोन्ही मागण्या एकदम आल्या की गाडी वळणाबाहेर जाते, म्हणजे अंडरस्टिअर होते. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा एकूण भार ठरलेला असतो, पण त्यातला किती पुढे व किती मागे घडू द्यायचा, हे रचनाकाराच्या हाती असते. मागचा अँटी-रोल बार किंवा टॉर्शन बीम (मागची दोन चाके जोडणारी, पिळली जाणारी आडवी तुळई) कडक केला की मोठा वाटा मागे जातो आणि पुढचे आतले चाक जमिनीवर दाबलेले राहते. मागचे आतले चाक हवेत उचलून वळणारी छोटी गाडी हे याच हिशेबाचे दृश्य रूप होय. ते चाक उचलले गेले की मागचा वाटा संपतो आणि उरलेला सगळा भार पुढच्या चाकांत हलू लागतो, म्हणून त्यापुढे आणखी कडकपणा निरुपयोगी.

प्यूजो २०५ जीटीआय (१९८४, १.६ लि., १०५ अश्वशक्ती, सु. ८५० किग्रॅ.) हे याचे उत्तम उदाहरण. मागे ट्रेलिंग आर्म (चाकाला पुढून धरणारे दांडे), आडवे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्या) आणि फरशीखाली जवळजवळ आडवे टाकलेले डँपर असल्याने डिकी रुंद राहिली. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येते, पुढचे टायर आत चावतात, मागचा भाग हलका होऊन बाहेर सरकू लागतो. जाणता चालक याच क्षणाचा उपयोग करून गाडीचे नाक वळणात घालतो. घाबरून पाय पूर्ण उचलणाऱ्याची गाडी मात्र गिरकी घेते. १९८६ च्या सुमारास आलेली १३० अश्वशक्तीची १.९ याबाबत अधिक कुप्रसिद्ध झाली. कोणती सरस यावर आजही दुमत असले, तरी हलकेपणाच्या कसोटीवर १.६ चे पारडे जड आहे.

डिफरेन्शियल व स्टिअरिंग : डिफरेन्शियल डाव्या-उजव्या चाकांत शक्ती वाटते. साधे डिफरेन्शियल आतले चाक घसरू लागताच शक्ती वाया घालवते. प्लेटचे लिमिटेड स्लिप, म्हणजे घसरण मर्यादित ठेवणारे, डिफरेन्शियल पकड देते, पण स्टिअरिंग हिसकावते. हेलिकल गिअरचे सौम्य असते, परंतु चाक पूर्ण उचलले गेल्यास त्याचा उपयोग होत नाही. होंडा सिव्हिक टाइप आर (१९९७, १,५९५ घ. सेंमी., मिनिटाला ८,२०० फेऱ्यांवर १८५ अश्वशक्ती) या गाडीत हेलिकल प्रकार होता. सुरुवातीच्या हॉट हॅचना पॉवर स्टिअरिंग नसे. गाडी उभी करताना हात दुखत, पण टायरची पकड सुटू लागल्याचे हातांना आधी कळे.

नंतरची वाटचाल : अपघात-सुरक्षेचे कडक नियम, एअरबॅग, वातानुकूलन व आवाजरोधक थर यांमुळे वजन वाढत गेले, आठव्या पिढीची गोल्फ जीटीआय १,४०० किग्रॅ.च्या पुढे आहे. उलट दिशेने झालेले प्रयत्न थोडेच. रेनॉने २००८ च्या मेगान आर२६.आर मध्ये मागचे आसन काढून व मागच्या काचांऐवजी पॉलिकार्बोनेट वापरून १२३ किग्रॅ. वाचवले. सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट (२०१७) हिची जपानी आवृत्ती १४० अश्वशक्ती देऊन ९७० किग्रॅ.मध्ये बसली, म्हणजे टनामागे १४४ अश्वशक्ती. पहिल्या गोल्फ जीटीआयचे हेच गुणोत्तर १३६ होते.

भारत : मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली फियाट पालिओ १.६ (२००१, १०० अश्वशक्ती) ही येथील आरंभीची गाडी. २००६ पासून चार मीटरपेक्षा कमी लांबी व १,२०० घ. सेंमी.पर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांना करसवलत मिळाली आणि मोठे इंजिन असलेली छोटी गाडी महाग पडू लागली. रांजणगावची अबार्थ पुन्टो (२०१५, १४५ अश्वशक्ती) तिच्या १,३६८ घ. सेंमी. इंजिनामुळे या मर्यादेबाहेर राहिली. चाकणला तयार झालेली पोलो जीटी टीएसआय (२०१३) १,१९७ घ. सेंमी. टर्बो इंजिन घेऊन मर्यादेत बसली, परंतु ती केवळ स्वयंचलित गिअरबॉक्ससह मिळे. टर्बो पेट्रोल पोलोला हाताने बदलायचे गिअर २०२० मध्ये एक लिटर इंजिनासोबत मिळाले आणि २०२२ मध्ये तिचे येथील उत्पादन थांबले.