सौंदर्याचा आकडा 1.618?

‘जे जे सुंदर, त्यात 1.618 हे सुवर्ण गुणोत्तर असतंच’ असा मेसेज पार्थेनॉनच्या (अथेन्समधल्या प्राचीन ग्रीक मंदिराच्या) फोटोवर पिवळी चौकट आखून वर्षानुवर्षं फिरतोय. गुणोत्तर खरं आहे: रेघेचे असे दोन भाग करा, की सगळी रेघ मोठ्या भागाच्या जितकी पट, तितकाच पट मोठा भाग लहान भागाच्या. सौंदर्य प्रमाणबद्धतेत असतं हा ग्रीक विचारही खरा, त्याने शिल्पकलेला वळणच लावलं. पण पार्थेनॉनचं काम इ.स.पू. 447 मध्ये सुरू झालं; या गुणोत्तराची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी लेखी व्याख्या त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी येते. पट्टी घेऊन स्वतःच मोजा, चौकटीची लांबी भागिले रुंदी. चौकट पायऱ्यांपासून धरली की एक उत्तर, खांबांपासून धरली की दुसरं. (रेघ जाड असली की काहीही बसतं!) आणि हाताशी असलेला ए-फोर कागद? 297 भागिले 210, म्हणजे 1.414. डोळ्यांना तोही खटकत नाही.