टक्के कशाचे, ते आधी बघा

कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दूध पिणारे पैलवान एका बाजूला आणि दुधाला न शिवणारी माणसं दुसऱ्या बाजूला उभी केली, तर छातीचा घेर दुधालाच कौल देईल. पण पैलवान पहाटे शेकड्यांनी जोर-बैठकाही मारतो. औषधांवरचा शोधनिबंध वाचताना हे ध्यानात ठेवा: नुसत्या निरीक्षणावर बेतलेल्या अभ्यासात हीच गल्लत होते. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं अशा अभ्यासांतून कैक वर्षं दिसत होतं. मग अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला खरी गोळी दिली, दुसऱ्याला खोटी. २००२ मध्ये उलटंच हाती आलं: दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकार खऱ्या गोळीवर ३७, खोट्या गोळीवर ३०.

म्हणून शोधनिबंधाचा सारांश वाचून थांबू नका. ‘पद्धती’ आणि पहिला तक्ता गाठा. दोन्ही गटांत वय, मधुमेह, तंबाखू यांचं प्रमाण सारखं आहे का? मधेच गळालेल्यांना मोजणीत धरलंय का? औषध सोसलं नाही म्हणून सोडून गेलेले वगळले, तर उरलेल्यांत औषध गुणकारीच दिसणार.

सगळ्यात जास्त फसगत टक्क्यांत होते. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. निम्म्यांना महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिलं. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले अ‍ॅस्पिरिनविना ११.८ टक्के, अ‍ॅस्पिरिनवर ९.४ टक्के. याला ‘मृत्यू २० टक्क्यांनी घटले’ असंही म्हणता येतं आणि ‘शंभरात २.४ जीव वाचले’ असंही. म्हणजे एका जिवासाठी साधारण ४२ जणांना गोळी द्यावी लागली. झटका आलेल्याच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे. पण तेच २० टक्के दहा हजारांत पाच जणांना होणाऱ्या आजाराला लावा: पाचाचे चार होतात, आणि त्या एकासाठी दहा हजार जण गोळ्या खातात.

याच संशोधकांनी रुग्णांची जन्मराशीनुसारही विभागणी करून दाखवली. मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिनने किंचित अपायच झालेला दिसला! औषध अगदी निकामी असलं तरी वीस वेगवेगळ्या तुलना केल्या, की निदान एकीत निव्वळ योगायोगाने ‘पी ०.०५ हून कमी’ (म्हणजे फरक खरा मानायची रूढ खूण) येण्याची शक्यता ६४ टक्के असते. ‘अमुक गटात मात्र फायदा झाला’ असं वाक्य दिसलं, की किती गट तपासले ते मोजा.

मोजलं काय, तेही बघा. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या औषधांनी हृदयाचे जादा ठोके थांबत होते, म्हणजे जीवही वाचत असणार असं वाटत होतं. १९८९ मध्ये कळलं, की झटका येऊन गेलेल्यांपैकी ही औषधं घेणारेच जास्त दगावत होते.

भारतात रुग्णांवरच्या औषध-चाचण्यांची नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. निबंधातला ‘सीटीआरआय’ (भारतातली चाचण्यांची नोंदवही) क्रमांक त्या नोंदणीच्या संकेतस्थळावर टाका. मुख्य मोजमाप म्हणून आधी काय ठरलं होतं ते निबंधाशी ताडून पाहा, आणि नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेण्याच्या आधीची आहे ना, तेवढं तपासा.