इंदुरात घरी बीअर ‘कडक’ करायची? आधी आबकारीचा नियम वाचा

हल्ली ओळखीतली मुलं एकच प्रश्न घेऊन येतात: ‘काका, बीअर गोठवून वरचा बर्फ काढला की ती कडक होते. याला परवाना कोणता लागतो?’ घरगुती वापरासाठी असा परवाना मध्य प्रदेशात नाहीच. तरी लोक होम बारचा, म्हणजे घरी दारू ठेवण्याच्या परवान्याचा, अर्ज भरतात, तो परत आला की आमच्याकडे येतात.

क्रिया साधी आहे. पाणी 0 अंशाला गोठतं, शुद्ध अल्कोहोलला उणे 114 अंश लागतात. 5 टक्क्यांच्या 10 लिटर बीअरमधून 5 लिटर बर्फ काढला, तर उरलेली फार तर 10 टक्क्यांची होते. जर्मनीतली आइसबॉक ही कडक बीअर अशीच बनते.

घोडं अडतं ते कायद्यात. ‘आम्ही कुठे बनवली? दुकानातून आणली, फक्त गोठवली,’ असं मुलं म्हणतात. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, 1915 मधली ‘निर्माण’ची व्याख्या वाचा: नैसर्गिक असो वा कृत्रिम, मादक पदार्थ तयार होण्याची प्रत्येक क्रिया तीत येते. मग ‘फक्त गोठवली’ म्हणून सुटका होईल, या भरवशावर राहू नका. कलम 13 प्रमाणे निर्माणाला परवाना हवाच, आणि त्यासाठी भांडी-साहित्य बाळगणंही गुन्हा आहे. बीअर बनवायचं किट ऑनलाइन घरपोच आलं म्हणजे परवानगी मिळाली, असं कृपा करून समजू नका. कलम 34 खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. माल 50 लिटरच्या वर असेल तर कैद एक ते तीन वर्षं. नोकरीच्या पडताळणीत असं प्रकरण निघालं तर आईवडिलांची काय अवस्था होते, ते मला विचारा.

मुलं बघतात ते बीअर बनवण्याचे व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे 1978 च्या कायद्यानं घरी बीअर बनवायला मुभा आहे, एका प्रौढाला वर्षाला 100 गॅलनपर्यंत. ती मुभा इथे लागू नाही. घरी महुआची (मोहफुलांची) दारू गाळायची सवलतही आदिवासी समाजाच्या परंपरेसाठी आहे, तुमच्या-आमच्या फ्लॅटसाठी नाही.

होम बार 2022-23 च्या धोरणात आला: शुल्क वर्षाला 50,000 रुपये आणि अर्जदाराचं वैयक्तिक उत्पन्न किमान 1 कोटी. नवरा-बायकोची बेरीज करून कोटी दाखवू नका, ‘वैयक्तिक’ म्हणजे एकाचंच. शिवाय त्यात विकत घेतलेली दारू घरी ठेवता येते, बनवता येत नाही. हे धोरणात स्पष्ट आहे, पण खिडकीवर कोणी आपणहून सांगत नाही, याचा मला राग येतो. मुदतही नीट बघा. आबकारीचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. फेब्रुवारीत परवाना घेऊन पुढच्या फेब्रुवारीपर्यंत निर्धास्त राहणारे बरेच भेटतात. दरवर्षी धोरण बदलतं, तेव्हा अर्जाआधी त्या वर्षाची प्रत मिळवा.

बनवण्याचीच खरी हौस असेल तर मायक्रोब्रुअरीचा, म्हणजे छोट्या बीअर कारखान्याचा, परवाना असतो, पण तो व्यवसायाच्या जागेला, राहत्या घराला नाही. त्याची चौकशी सहायक आबकारी आयुक्तांच्या कार्यालयात लेखी करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.