एकोणचाळीस ते त्रेचाळीस

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळच्या चहाबरोबर एकच चौकशी : पाणी किती फुटांवर? उत्तर येतं कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरून. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हा आकडा सगळ्या शहराला एकदमच कळतो. पण ४५ फूट म्हणजे आपल्या उंबऱ्याशी किती, हे त्यातून कळत नाही. ते ज्या त्या गल्लीनं लिहून ठेवायला लागतं. पूरनियोजनातलं सगळ्यांत कमी खर्चाचं काम हेच, आणि तेच राहून जातं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शुक्रवार पेठेत आमचंही राहून गेलं होतं. शेजारच्या आजोबांच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती, गुडघ्याच्या वर चार बोटं. "ह्याच्या वर पाणी येत न्हाई," ते म्हणाले आणि आम्ही मानलं. गव्हाची पोती खाटेवर चढवली, कागदपत्रं टेबलावर. पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली. खाट बुडाली, टेबल बुडालं. होडी दाराशी येऊन थांबली, तरी म्हशी सोडून यायला आजोबा तयार होईनात.

मागचा पूर ही पुढच्या पुराची हद्द नव्हे. नकाशावरच्या पूररेषांबाबतही अशीच गफलत होते. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं, एकदा येऊन गेला की शंभर वर्षांची निश्चिंती. पण नदी वर्षं मोजत बसत नाही. लाल रेषेवरच्या घराला दरवर्षी नव्यानं १ टक्का धोका असतो. तिथं ३० वर्षं राहिलात तर एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. निळ्या रेषेवर हीच शक्यता ७० टक्क्यांच्या घरात जाते. आम्ही तर २०१९ नंतर दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा महापूर पाहिला.

म्हणून ३९ आणि ४३ यांमधले चार फूट मला फार मोलाचे वाटतात. पाणी तासाला एक इंच चढत असेल तर हाताशी ४८ तास. तीन इंच चढत असेल तर फक्त १६. वेग ठरतो वर, घाटमाथ्यावर. गगनबावड्याकडचं पाणी कुंभी नदीतून पंचगंगेत येतं, राधानगरीचं भोगावती नदीतून. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. दरवाजा उघडल्याची बातमी आपल्याला लगेच कळते, पाणी मात्र काही तासांनी येतं. ते तास आवराआवरीचे.

ओसरायचं गणित वेगळं. पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढं जायला वाव मिळत नाही, पाणी मागं फुगतं आणि इंचाइंचानं उतरतं. २०१९ मध्ये महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. उपसा केंद्रं बुडाल्यावर नळही कोरडे पडले. चोहीकडं पाणी, पण प्यायला घोटभर नाही! एका रात्रीपुरती पिशवी भरून भागत नाही. आठवडाभराची औषधं आणि पिण्याचं पाणी लागतं.

आता आमच्या गल्लीत एक वही आहे. घरानुसार फूट लिहिलेत : कुणाच्या पायरीला कितव्या फुटाला पाणी लागतं, कोण अंथरुणाला खिळून आहे, कुणाचं इन्सुलिन थंड ठेवून न्यायचं, गॅसची टाकी कोण बंद करणार, कोण कुणाकडं जाणार. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलाय.

पहिल्या पानावरची पहिली ओळ मात्र माणसांची नाही. "४० फूट – म्हशी." २०२१ च्या जुलैत त्या आकड्याला गल्लीतल्या पोरांनी दावी सोडली. जनावरं उंचावरच्या गोठ्याकडं निघाली आणि त्यांच्यामागं, कुणी न सांगता, हातात चाऱ्याची पेंडी घेऊन आजोबा.