ताडपत्रीखालची स्पोर्ट्स कार

विदर्भाच्या खेड्यांत स्पोर्ट्स कार मोजक्याच. जिनिंगच्या आवारात, संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात, नाहीतर बाहेरदेशी नोकरी करून परतलेल्या एखाद्याच्या वाड्यात ती ताडपत्रीखाली दिसते. ती वर्षाला किती चालते यावर पारावर नेहमी दोन मतं पडतात. एवढी महागाची वस्तू जपूनच वापरावी, हे एक. उभीच ठेवायची होती तर घेतली कशाला, हे दुसरं. मालकाच्या स्वभावावर बोट ठेवून हा वाद मिटत नाही, कारण गाडी बाहेर काढायची की नाही हे आधी कराने, मग रस्त्याने आणि आता पेट्रोलनेही ठरवलं आहे.

शौकाचं वाहन वेगळं ठेवायची रीत आपल्याकडे मोटारीच्या आधीची. ओझ्याला बंडी, सोयऱ्यांकडे जायला हलकी रेंगी. शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलजोडीला वखर-नांगराला जुंपत नसत, पण तिला रोज फिरवून आणणं चुकत नसे. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात राज्यात पुन्हा सुरू झाल्या. मधली साडेसात वर्षं पटाचा बैल सांभाळलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी गाडीबद्दल विचारलं, तर त्यांनी बैलाचंच उत्तर दिलं होतं: "बांधून ठेवला का आखडते."

मोटारींच्या बाबतीत १९९१ पूर्वी निवडीचा प्रश्नच नव्हता. १९९८ मध्ये फायबरच्या अंगाची, दोन माणसांची सॅन स्टॉर्म देशात तयार झाली, पण ६० अश्वशक्तीच्या त्या गाडीचा बोलबाला फार टिकला नाही. २००१ पासून वापरलेल्या परदेशी गाड्या आणायला परवानगी मिळाली, तीही तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी नको अशा अटींवर. पुढे २०१३ मध्ये महागड्या तयार गाड्यांवरचा आयात कर १०० टक्क्यांवर गेला, म्हणजे गाडी बंदरात उतरतानाच दुपटीची झाली. त्यावर राज्याचा एकरकमी कर आहेच. एवढा पैसा पहिल्याच दिवशी भरून झाला की मालकाचं लक्ष किलोमीटरच्या काट्याकडे जातं. जुन्या बाजारात कमी किलोमीटरच्या गाडीला भाव येतो, त्यामुळे प्रत्येक फेरी त्याला गाठीतून पैसे सुटल्यासारखी वाटते. २०२२ मध्ये विमा नियामकाने जेवढं चालवाल त्या हिशेबाने हप्ता ठरवायला मुभा दिली, तेव्हा या जपणुकीला कागदाचाही आधार मिळाला.

रस्त्याचं कारण मात्र कोणी कागदावर मांडत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचं डांबर लाटेसारखं वर-खाली होतं. गतिरोधक ठरलेल्या मापाने १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. गावातला गतिरोधक लोक आपल्या हाताने, आपल्या लेकरांच्या काळजीने घालतात. तो उंच आणि अरुंद होतो. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून जेमतेम अर्ध्या वितीच्या आतबाहेर. मी एका मालकाला शाळेपुढच्या गतिरोधकावर गाडी तिरपी घालताना पाहिलं आहे. एक चाक वर, मग दुसरं, मदतनीस खाली उतरून वाकून बघतोय, मागे ट्रॅक्टर थांबलेला. एवढं करूनही खालून खरकन आवाज आलाच. कापणीच्या दिवसांत तर अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत असतं.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि हे चित्र पालटलं. कारंजा लाड, मेहकर भागातल्या मालकाला प्रथमच घराजवळ सलग, सपाट काँक्रीट मिळालं. ताशी १२० ची मर्यादा अशा गाडीला कमीच वाटते, ती पाळली मात्र पाहिजे. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर झिजलेले टायर फुटतात म्हणून २०२३ मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात झाली. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे टायर नक्षीने नवेकोरे दिसतात, आतलं रबर मात्र वयाने कडक झालेलं असतं. ही गोष्ट जीवाशी येणारी आहे. नक्षी खोल आहे म्हणून समाधान मानू नये, टायरवरचं उत्पादनाचं वर्ष बघावं.

सध्याचा सगळ्यात गुंतागुंतीचा विषय म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. मिश्रण नवं नाही. ५ टक्क्यांची सुरुवात २००३ ची, १० टक्के २०२२ च्या जूनमध्ये गाठले. २० टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच पूर्ण झालं. इथेनॉल मक्यापासूनही बनतं, त्यामुळे मक्याला गिऱ्हाईक मिळालं, आणि बुलडाण्याच्या मका लावणाऱ्या शेतकऱ्यासाठी मला ही गोष्ट मोलाची वाटते. पण गाडीवाल्याला फारसा पर्याय उरला नाही, हेही खरं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा. जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज सरकारच्याच २०२१ च्या आराखड्यात होता. रोज चालणाऱ्या गाडीला एवढ्यावर निभावतं. उभ्या गाडीची अडचण निराळी आहे: इथेनॉल हवेतली ओल धरतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल त्याच्यासोबत पेट्रोलपासून सुटतं आणि टाकीच्या तळाशी बसतं, जिथून पंप इंधन ओढतो. जुन्या रबरी नळ्या आणि सील यांनाही ते मानवत नाही. महिनाभरात गाडी बसेल असली भीती कोणी घालत असेल तर ती खोटी, घट्ट झाकणाच्या टाकीत ओल हळूहळूच शिरते. पण अर्धी टाकी ठेवून अख्खा पावसाळा गाडी गोदामात लावणं आता पूर्वीइतकं निर्धास्त नाही. शंभर ऑक्टेनचं, इथेनॉल नसलेलं पेट्रोल निवडक पंपांवर मिळतं, लिटरला दीडशेच्या वर. त्यासाठी खेड्यातून शहर गाठायचं, म्हणजे पुन्हा तेच गतिरोधक.

म्हणून पूर्वी जी जपणूक होती, तीच आता नुकसान करू लागली आहे. बरेच जण आठवड्याला गाडी सुरू करून जागच्या जागी पाच मिनिटं गुरगुरू देतात. त्याने मालकाला बरं वाटतं, इंजिनाला नाही: ऑइल पुरतं तापत नाही, त्यात उतरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि सुरू करताना खर्ची पडलेली बॅटरीही भरून निघत नाही. त्यापेक्षा पंधरवड्याने तीस-चाळीस किलोमीटरची एक नीट फेरी शंभरपट बरी.

नोंदणीचा खर्चही वाढला आहे. १५ वर्षं झालेल्या परदेशी चारचाकीच्या नूतनीकरणाला २०२२ च्या एप्रिलपासून ४०,००० रुपये लागतात, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या गाडीला ८०,०००. गाडी हजार किलोमीटर चालो की वीस हजार, रक्कम तीच.

गतिरोधकावर तिरपी चढवणारे ते मालक आता रविवारी पहाटे पाचला निघतात, ऊन चढायच्या आत. मृगाच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरतात, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही. उंदरांनी वायर कुरतडू नये म्हणून बॉनेट उघडून बघतात. गाडी उभी ठेवताना चाकांखाली घातलेल्या फळ्या त्यांनी काढून टाकल्या आहेत. गोदामाच्या फरशीवर त्या फळ्यांचे चार पांढरे चौकोन अजून दिसतात.